थप्पीतला पैलवान

"हात लावा, मास्तर," असं म्हणून ते पोत्याकडे पाठ करून वाकायचे आणि मान वळवून माझी वाट बघत राहायचे. दोन हमालांनी पोत्याचे कान धरून ते अधांतरी तोललेलं असायचं, त्यांचे चेहरे लालबुंद, आणि हे आपले निवांत. मी दुकानाच्या पायऱ्या उतरून पोत्याला नुसती बोटं टेकवली की "आता कसं" म्हणत उठायचे आणि ज्वारीचं भरलेलं पोतं घेऊन ऐटीत चालू लागायचे. माझ्या हातात जोर म्हणाल तर पाट्यावरचा वरवंटा उचलताना मला धाप लागते.

सोलापूरच्या मार्केट यार्डात मी तेव्हा एका आडत दुकानात कारकून होतो आणि रविवारी चर्चमध्ये, आमच्या भाषेत देवळात, पेटी वाजवायचो, म्हणून मास्तर. ते त्याच यार्डात हमाल आणि त्याच देवळाचे सभासद. पेटी वाजवणारा हात लागला की पोतं हलकं होतं, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांना सगळे पैलवान म्हणत. आखाड्यात ते कधी उतरले नव्हते, पण यार्डातली पोरंटोरंही त्यांच्या दंडाकडे बघून बाजूला सरायची. बाप्तिस्म्याचं खरं नाव होतं, ते पाळकसाहेबांखेरीज कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.

तुम्ही हमालांना नीट पाहिलं असेल तर एक गोष्ट तुमच्याही ध्यानात आली असेल. गडी कितीही ताकदीचा असो, पोतं तो वाहून नेतो, पण स्वतःच्या पाठीवर स्वतः चढवू शकत नाही. तिथं दुसऱ्याचा हात लागतोच. एवढ्याशा गोष्टीवर पैलवानांनी आपलं सगळं धर्मशास्त्र उभं केलं होतं. "देवाचं आन् माझं ठरल्यालं हाय," ते सांगायचे. "त्यानं हात लावायचा, पाठ माझी." पाळकसाहेबांना हा करार पसंत नव्हता. पाठसुद्धा त्याचीच, असं ते समजावून सांगत. पैलवान मान खाली घालून ऐकून घेत आणि मग मला कोपऱ्यात गाठून म्हणत, की साहेबांनी कधी पोतं उचललेलं नाही, त्यांना कसं कळणार.

आमच्या देवळात हंगामाचा सण होतो. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघाला की एका रविवारी जो तो आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी अर्पण म्हणून आणतो. भोपळे, गुळाच्या ढेपा, एखादी कोंबडी, कडब्याची पेंढीसुद्धा. वेदीसमोर ढीग लागतो आणि उपासनेनंतर पाळक सगळ्याचा तिथंच लिलाव करतात. मंद्रूपकडच्या सभासदांची ज्वारीची पोती असायची, आणि त्यातलं पहिलं पोतं गाडीतून थेट वेदीपर्यंत एकट्यानं नेण्याचा मान पैलवानांचा. गीत चालू असायचं. मी पेटीवरून तिरक्या डोळ्यांनी बघायचो. सगळं देऊळ आपल्याकडे बघतंय हे त्यांना पुरतं ठाऊक असायचं. पावलं जरा जास्तच सावकाश पडायची.

दुष्काळात हा सण नावापुरता झाला. कुणीतरी थोडी लिंबं आणली आणि पाळकसाहेबांनी त्यांच्यावर भली मोठी प्रार्थना केली. यार्डात तेव्हा परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, उतरायचा. पैलवान तो नाक मुरडत वाहायचे. खरा शाळू येऊ द्या, पहिलं पोतं देवापुढे मीच नेणार, असं येता-जाता मला बजावायचे.

शाळू आला, आणि असा आला की यार्डात थप्प्या लावायला जागा पुरेना. सण तोंडावर होता. एका सकाळी पोतं पाठीवर चढलं, माझी बोटं टेकली, पैलवान उठू लागले आणि अर्ध्यातच थांबले. चेहऱ्यावर वेदना नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. मग पोतं एका बाजूला गेलं आणि ते खाली बसले ते बसलेच. डॉक्टरांनी मणक्याचं दुखणं सांगितलं. पडून राहायचं, पुढे कदाचित काठी धरून चालता येईल, पण पोतं पुन्हा कधीच नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. बायको उंबऱ्याशी विड्या वळत बसली होती. ती मुळातच मितभाषी. पाळकसाहेब आले, प्रार्थनेसाठी त्यांच्या डोक्यावर हात ठेवू लागले, तर पैलवानांनी वाकळ तोंडावरून ओढून घेतली. साहेब बिचारे तसेच उभे राहून बोलत राहिले. मन भग्न झालेल्या माणसाला देव कधी दूर लोटत नाही, अशा अर्थाचं काहीतरी. ते गेल्यावर वाकळीतून आवाज आला.

"भग्न म्हंजी काय, मास्तर?"

"मोडलेलं," मी म्हणालो.

मग म्हणाले, "तुमच्या आडतीत फुटल्यालं पोतं कोन घेतंय? झाडून बाजूला टाकत्यात. देव तरी कशापायी घील?"

सणाला ते येणार नव्हते, आणि नुसत्या त्या सणाला नव्हे. रिकाम्या हातांनी देवासमोर जायचंच नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पोती गेली याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. हा माणूस आता देवालाही मुकणार, याची मला भीती वाटली.

सणाच्या सकाळी पुन्हा गेलो तर दारात यार्डातले हमाल उभे. पुढे त्यांचा मुकादम, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला, अक्कलकोटकडचा लिंगायत माणूस. पैलवानांच्या बायकोनं त्यांना निरोप धाडला होता. आत पैलवान नाही म्हणत होते. मी जड आहे, माझ्यापाशी न्यायला काही नाही, जा तुम्ही, असं सगळं भिंतीलाच सांगत होते. मुकादम उंबऱ्यातच अडला. तेव्हा ती बाई विड्यांचं सूप बाजूला ठेवून उठली.

"इतकी वर्सं देवाला न्हेऊन दिलं," ती म्हणाली. "आज मोकळं जाऊन बगा की, घेतोय का न्हाय."

पैलवानांनी तोंडावरची वाकळ काढली. मुकादमानं वेळ न घालवता आपल्या माणसांना सांगितलं, "एत्तु." म्हणजे कानडीत उचला.

मला पेटीवर बसायचं होतं म्हणून मी पुढे पळालो. हमाल गोणपाटाच्या झोळीत पैलवानांना घेऊन पोहोचले तेव्हा पाळकसाहेबांची लांबलचक प्रार्थना चालू होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. उघडे फक्त माझे. हमालांपैकी एकानंही आजवर चर्चच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. दारात ते क्षणभर गोंधळले. पण मग त्यांना वेदीसमोर पोत्यांची थप्पी दिसली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. हमालाच्या डोक्यात ओझं कुठं न्यायचं याला उत्तर एकच. ते अनवाणी पायांनी सरळ पुढे गेले, पैलवानांना पोत्यांच्या रांगेत नीट टेकवून बसवलं, अंगावरची घोंगडी गळ्यापर्यंत लपेटली आणि मागं जाऊन उभे राहिले. माझा एक सूर चुकून वाजला.

प्रार्थना संपली तशी कुजबूज सुरू झाली, तोंडात पदर गेले. पाळकसाहेबांना पत्ताच नाही. त्यांच्या चष्म्याची भिंगं जाड होती, आणि लिलावाच्या भरात तर ते बोली सोडून कुणाकडे बघायचे नाहीत. भोपळे गेले, गूळ गेला, एकेक पोतं जाऊ लागलं. सरकत सरकत ते पैलवानांपाशी आले, घोंगडीवर थाप मारली आणि हा माल कुणाकडचा म्हणून विचारलं.

घोंगडीतून उत्तर आलं, "मंद्रूपचा शाळू हाय, सायेब. जरा फुटलाय."

देवळात असं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं. पैलवान स्वतःच हसत होते, पाठ दुखते म्हणून कण्हत होते आणि पुन्हा हसत होते. मुकादमाला वाटलं, खराच लिलाव आहे. त्याचं रक्तच यार्डातलं. मागून त्यानं बोली लावली, एवढंच नव्हे, फुटला असला तरी माल आमचा आहे, आम्हीच परत नेणार, असंही ठणकावलं. बायकांच्या बाजूनं पैलवानांची बायको उठली. त्या देवळात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"ह्येचं मोल हितं कुनालाच झेपायचं न्हाय," ती म्हणाली. "माझं मला द्या."

मुकादमानं दोन्ही हात जोडले आणि बोली सोडली. पाळकसाहेब चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी पैलवानांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि या वेळी घोंगडी कुणी वर ओढली नाही.

पुढं ते काठी धरून चालू लागले. मुकादमानं त्यांना यार्डाच्या फाटकाशी गाड्या लावायचं काम दिलं. तिथं बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पाठबी त्येचीच हुती. मला आपलं वाटलं, माझी." आणि असं सांगताना इतके खूश दिसायचे, की जणू नुकतीच लॉटरी लागली आहे. आता ते नाहीत. यार्डही पूर्वीचं राहिलं नाही. मला मात्र ते आठवतात ते त्या पुढच्या वर्षीच्या सणातले.

गीत चालू होतं. मागच्या दारातून ते आत आले. काठी बायकोकडे दिली आणि एकटेच निघाले. दोन्ही तळवे पोटाशी धरलेले, नजर तळव्यांवर. आत काय आहे ते जवळ येईपर्यंत कुणाला दिसेना. एकेक पाऊल टाकत, मध्ये बाकाला खांदा टेकवून दम खात ते वेदीपर्यंत आले. आपल्याकडे कोण बघतंय याचं त्यांना भान नव्हतं. त्यांनी तळवे उघडले आणि घरच्या कोंबडीचं एक अंडं टोपलीत ठेवलं. फुटलं नाही. मग घामानं निथळलेलं तोंड पुसत माझ्या पेटीकडे झुकले.

"लई जड हुतं, मास्तर," ते म्हणाले, आणि हसत हसत पुढच्याच बाकावर बसले.