पिवळा टिपका

भूत-बित, अंगात येणं... माझा कधीच विश्वास नव्हता. कोणी घुमायला लागलं, की त्याने आधी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलंय का ते मी बघतो. असा संशयी माणूस हे सांगतोय, एवढं लक्षात ठेवा.

आम्ही रिसोडचे. घरामागे पत्र्याचं शेड, त्यात बाबांची जुनी अँबॅसिडर. बाबा मेकॅनिक होते. बोल्ट पक्का कसला की आगकाडीने त्यावर पिवळा टिपका द्यायचे – नंबर प्लेटचा उरलेला रंग. टिपका असला म्हणजे बोल्ट पक्का, पुन्हा बघायचं काम नाही. गेल्या वर्षी बाबा वारले. मग धाकटा भाऊ दिलीप याच्या मुलीने, साक्षीने हट्ट धरला – सासरी जाईन तर आज्याच्याच गाडीतून. दिलीप भाड्याची गाडी आणू म्हणत होता. मीच छाती ठोकून म्हणालो, इंजिन नव्यासारखं करतो.

सगळे भाग सुटे केले, धुतले, पॉलिश पेपरने घासले. प्रायमर, त्यावर झकास हिरवा रंग. लग्न तोंडावर आलं तेव्हा इंजिन जोडून झालं. दुसऱ्या दिवशी शेड उघडलं... आणि बोल्टाबोल्टावर पिवळे टिपके!

थिनरने पुसले. सकाळी पुन्हा तेच. शेडच्या किल्ल्या दोनच, एक माझी आणि एक दिलीपची. डोकंच फिरलं.

"काहून रे, बाबाची नक्कल करून राह्यला का?"

"भाऊ, माही पोरगी बसनार हाये त्या गाडीत. मी कायले असे धंदे करीन?"

"मंग कोन करून राह्यलं? किल्ली तुह्याचपाशी हाये!"

त्याने किल्ली माझ्या पायाशी फेकली. "ठेव तुही गाडी. पोरगी भाड्याच्या गाडीत जाईन."

आमचं बोलणं बंद झालं. घरात लग्न, आणि सख्खे भाऊ तोंड फिरवून बसलेले. साक्षी रडत होती. मला फार वाईट वाटत होतं, पण संशय काही जाईना.

रागारागात टिपके पुसायला बसलो, तेव्हा दिसलं – पंख्याच्या एका बोल्टावर टिपका नाही. पाना लावला तर बोल्ट ढिला! रंग छान दिसावा म्हणून मी बोल्ट बसायच्या जागीही जाड थर मारला होता. तो दबला आणि बोल्ट सैल पडला. रस्त्यात पंखा निसटला असता तर...

रंग खरवडून बोल्ट कसला. शेडला कुलूप लावलं, दोन्ही किल्ल्या खिशात ठेवल्या आणि समोरच्याच ओट्यावर चहा घेत बसलो. भर दुपार. दिलीप साक्षीला घेऊन कपड्यांसाठी वाशिमला गेलेला. चहा संपवून दार उघडलं... त्या बोल्टावर टिपका. बोट लावलं तर ओला.

फळीवरचा बाबांचा डबा काढला. आतला रंग केव्हाच दगड झालेला.

संध्याकाळी दिलीपला सगळं सांगितलं, हात जोडले. त्याने माझे जोडलेले हात खाली केले.

"तूच लावत अशीन, भाऊ."

साक्षी त्याच गाडीतून सासरी गेली. गाडी वाटेत एकदाही कुरकुरली नाही. टिपके कोणी दिले, ते मला आजही सांगता येत नाही. आम्ही भाऊ पुन्हा बोलतो, एका ताटात जेवतो. तो हात धुऊन बसला की मी हळूच त्याच्या नखांकडे बघतो. परवा मान वर केली, तर तो माझ्या नखांकडे बघत होता.