बिजूची झडप आणि संतोषची सुट्टी

भावाला आणायला अबुधाबीला जाऊन आलो, असं सांगितलं की लोक हसतात. पण तिथे वायरमन असलेला माझा धाकटा भाऊ संतोष याआधी दोनदा ऐनवेळी तिकीट रद्द करून बसलेला. आता त्याच्या मुलीचा, सायलीचा साखरपुडा. म्हटलं, स्वतः जातो आणि बखोट धरून आणतो. मीही रत्नागिरीत जन्मभर वायरिंगच केलं, त्यामुळे कामाच्या सबबी मला कुणी सांगायच्या नाहीत.

दुबईला उतरलात तर पुढे बसनेच जा. पंचवीस दिरहम, म्हणजे साधारण सहाशे रुपये. एसी इतका गार की कानटोपी हवी. मी नेली नव्हती, तुम्ही न्या. अबुधाबीच्या बसस्टँडवर संतोष घ्यायला आला आणि गाडीतच म्हणाला, "दादा, आम्ही वायरिंग केलेल्या व्हिलाचं इन्स्पेक्शन उद्या आहे. पास झालं तरच साहेब सुट्टी देणार." माझं डोकंच फिरलं.

व्हिला मोहम्मद बिन झायद सिटीत. जवळच्या केरळी हॉटेलात पंधरा दिरहममध्ये मासे आणि पोटभर भात मिळतो. तिथे संतोषचा कामावरचा जोडीदार बिजू भेटला आणि वादच सुरू झाला. नियम असा की, तारा जोडायची डबी 'ॲक्सेसिबल', म्हणजे सहज हात पोचेल अशी हवी. डबी होती छताच्या झडपेमागे, आणि सुताराने नेमकं झडपेखाली कपाट ठोकलेलं.

"झडप खुलती है ना? तोड़ना नहीं पड़ता. खलास, ॲक्सेसिबल!" बिजू म्हणाला.

"और कपाट हटाना पड़े तो?" संतोष.

"कपाट दीवार है क्या, हबीबी?"

दोघंही हसत होते, बोटांवरचा भात वाळून गेला. व्याख्येवर अडलं की हातात पेचकस घेऊन करून बघायचं, आणि हरेल त्याने सुलेमानी, म्हणजे कोरा चहा, पाजायची, ही त्यांची पद्धत. व्हिलावर नेऊन पंच म्हणून मला शिडीवर चढवलं. झडप चार बोटं उघडली आणि कपाटाला अडली. मी कपाट आणि छत यांच्या मधे अडकलो. खालून बिजू ओरडला, "दादा का पेट ॲक्सेसिबल नहीं है!"

हरलेल्या बिजूनेच मग करवत उचलली. संध्याकाळपर्यंत झडप कपाटापासून हातभर दूर नेली आणि सुलेमानीही पाजली.

सकाळी इन्स्पेक्टर आला. त्याने शिडी मागितली, थेट झडप उघडली, डबीचं झाकण काढलं, लावलं आणि सही केली. मी पायरीवरच बसलो. संतोष भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. बिजू म्हणाला, "यल्ला, जाओ अब!"

अबुधाबीतलं काय पाहिलं, असं विचाराल तर एक व्हिला आणि एक हॉटेल. मशीद राहिली, वाळवंट राहिलं. त्याचं काही वाटत नाही.

साखरपुड्याला संतोष पंगतीत जिलेबी वाढत फिरत होता, बसायला तयारच नाही. सायलीचं बारसं, दहावीचा निकाल, सगळं त्याने फोनवरच ऐकलेलं. शेवटी तिनेच त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं. म्हणाली, "बाबा, आज तुम्ही माझ्या शेजारी बसायचं." आणि तो बसला.