दोनदा वाढून घेतलेली कोंबडी

लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत कोंबडी कधी मरत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत मी अशी इतकी पुस्तकं चाळली आहेत, की हे मी छातीठोकपणे सांगू शकते. कोंबडी हरवते, पावसात भिजते, कोल्ह्याच्या तावडीतून सुटते, अंडं कुठे घालू म्हणून गावभर हिंडते. शेवटच्या पानावर अंडं फुटतं, पिवळं पिल्लू बाहेर येतं आणि सगळे हसतात. पातेलं कुठेच नसतं. मला अशीच पुस्तकं हवी होती, कारण मला माझ्या थोरल्या भावाचं उट्टं काढायचं होतं.

माझ्या लहानपणी आम्ही जबलपूरच्या एका फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा तिथेच कामाला होते. क्वार्टरच्या मागे थोडी मोकळी जागा होती, तिला आम्ही परस म्हणायचो. बाबांच्या सोबतच्या एकाने जवळच्या पाटन गावाहून कोंबडीची पिल्लं आणून दिली. बाकीची मांजराने नेली, एक उरलं, ते माझं झालं. तांबूस रंगाची, चालताना जरा लंगडणारी ती कोंबडी मी दाणे टाकून, रात्री खुराड्यात कोंडून मोठी केली. शाळेतून आले की दप्तर फेकून आधी खुराड्यात हात घालायचा. अंडं गरम असायचं. ते थोडा वेळ गालाला लावायचं आणि मग आईच्या हातात द्यायचं. फ्रॉक मामेबहिणीचे, पुस्तकं दादाची, कंपासपेटीही दादाचीच. माझी म्हणावी अशी घरात ती कोंबडी एकच होती.

दादाला फॅक्टरीत अप्रेंटिस म्हणून घेतलं, तेव्हा आई नागपूरला माहेरी गेली होती आणि बाबा ड्युटीवर होते. दादाने मित्रांना जेवायला बोलावलं. बाजारातून कोंबडी आणायची सोडून त्याने परसातली धरली. मी शाळेतून आले तेव्हा रस्सा तयार होता. मला भूक लागली होती आणि रस्सा झालाही चांगला होता. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ताट चाटूनपुसून झाल्यावर दादाने विचारलं, "कशी लागली वं तुझी कोंबडी?" मित्र हसून हसून लोळायला लागले. मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी परसात गेले. खुराड्याचं दार उघडं होतं आणि नळाजवळ पिसं पडली होती.

तो तिथेच थांबला असता तर कदाचित मी विसरलेही असते. पोरं पोरांना काय काय करतात. पण दादाला गोष्ट सापडली होती. बारसं असो, लग्न असो, चार माणसं जमली की तो सुरू व्हायचा, आणि दरवेळी तिखटमीठ वाढलेलं. आधी मी बोटं चाटली होती, मग हाड चोखलं, मग मी स्वतः येऊन म्हटलं, दादा, रोज अशीच कोंबडी कर. शेवट मात्र ठरलेला. "आणि हिनं आपलीच कोंबडी दोनदा वाढून घेतली!" माझ्या सासरच्यांना त्याने ही गोष्ट माझ्या लग्नातच सांगून टाकली. मी त्या दिवसानंतर कोंबडी खाल्लेली नाही, तर त्याचंही त्याने गोष्टीला शेपूट लावलं: तेव्हापासून बाई संत झाली.

एकदा मी त्याला सरळ सांगितलं, की ती गोष्ट सांगत जाऊ नको, मला त्रास होतो. तो म्हणाला, "तुले मजाक समजत नाही काहून? कोंबडीच होती ना, माणूस थोडीच कापला!"

मग माझ्या मुलीचा साखरपुडा आला. व्याही पंगतीत माझ्या समोर बसलेले, आणि दादाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गोष्ट सांगितली. "सांभाळा बरं, हे लोक आपलं पाळलेलंच खातात." व्याही हसले, आमच्याकडचेही हसले. माझी मुलगी ताटात बघत बसली. त्या दिवशी मी डूख धरला. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, दादाचा रविवारचा रस्सा बंद व्हावा. आणि दुसरी, एकदा, फक्त एकदा त्याने माझ्याकडे बघून म्हणावं की चुकलं माझं. पहिली जमेल असं वाटत होतं. जीव तुटत होता तो दुसरीसाठी.

रविवारचा रस्सा म्हणजे काय, तेही सांगायला हवं. दादा आता रिटायर्ड आहे, जबलपुरातच गोरखपूर भागात मुलाकडे राहतो. रविवारी सकाळी आंघोळ करून, पिशवी घेऊन तो स्वतः चिकन आणायला जातो. मसाला स्वतः भाजतो, स्वतः वाटतो. वहिनीने फक्त भाकरी थापायच्या. जेवताना त्याच्याशी कोणी बोललेलं त्याला चालत नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस तो रविवारची वाट बघत काढतो, हे वहिनीच म्हणते.

संधी घरबसल्या चालून आली. दादाची नात तेव्हा बोलायला लागली होती, आणि बोलायची ती सगळी हिंदी. भाच्याने मला फोन केला. "आत्या, हिला मराठी समजते, पण बोलत नाही. तू येशील तेव्हा मराठी पुस्तकं घेऊन येत जा ना, चित्रांची." मी म्हटलं, आणते की. सराफ्यामागच्या माझ्या घरून गोरखपूर म्हणजे ई-रिक्षाने काही फार लांब नाही. माझ्याइतकी प्रेमळ आत्याआजी त्या पोरीला कुठून मिळायची!

पुस्तकं मी नागपूरहून मागवली, पुण्याहून मागवली, पुस्तकांच्या प्रदर्शनात तासन् तास उकिडवी बसून निवडली. माझे नियम कडक होते. कोंबडीला पापण्या हव्यात. तिला घर हवं, पिल्लं हवीत, आणि चेहऱ्यावर थोडी काळजी हवी. टोपी घातलेली, चष्मा लावलेली कोंबडी नको, ती खोटी वाटते. अंड्याचं आमलेट होतं असं एक पुस्तक होतं, चित्रं फार सुंदर होती, ते मी परत ठेवलं. एका पुस्तकात अंड्याला कागदाची झडप होती, ती उघडली की आत पिल्लू झोपलेलं. पोरगी ती झडप हळूच उघडायची, बघायची, पुन्हा हळूच लावायची आणि मला म्हणायची, "श्श, सो रहा है." माझं काम फत्ते होणार, हे मला तेव्हाच कळलं.

ती मराठी शिकली, पण कोंबडीपुरतं. ताई, मावशी, वांगं, खिडकी, काही तिला येत नव्हतं. खुराडं यायचं. कोंडा, दाणे, उकिरडा यायचं. अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीला खुडूक म्हणतात, हे तिला पाठ होतं. तिची आई तापाने झोपून होती, तेव्हा ही शेजारणीला दारातूनच म्हणाली, "मम्मी खुडूक हो गई है." आम्ही सगळे हसलो. दादा सर्वांत जास्त हसला, नातीला उचलून घेतलं, "माझी कोंबडी" म्हणाला. मी मनात म्हटलं, हस बाबा.

मग मी आवाजाचं पुस्तक आणलं. पानावरचं बटण दाबलं की त्यातली कोंबडी कॉक-कॉक-कॉक करून ओरडते. ते मी शनिवारी दिलं. रविवारी दादा ताटावर बसला आणि पोरगी पुस्तक मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी. त्याने भाकरी मोडली, कॉक-कॉक. त्याने तंगडी उचलली, कॉक-कॉक-कॉक. मी समोर बसून वरणभात खात होते. इतका चवदार वरणभात मी जन्मात खाल्ला नाही. पोरीने पातेल्यात डोकावून विचारलं, "आबा, ये कौन है?" काय आहे नाही, कोण आहे! दादाने तंगडी खाली ठेवली.

पुढच्या रविवारी तो स्वयंपाकघरात उभ्याने जेवला. मग पोरीला शेजारी पाठवून जेवला. मग चिकन घरात यायचं थांबलंच, कारण एकदा ती रडून रडून ओकली आणि सुनेने तोंडावर सांगितलं, की बाबा, आता घरात नको. दादा बाहेर जाऊन खायला लागला, तर घरी आल्यावर पोरगी त्याचे हात हुंगायची. शेवटी तेही सुटलं. रविवारी गोरखपुरात दोडक्याची भाजी व्हायला लागली. वहिनी एकदा भांडी आवरता आवरता माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तुम्ही जे करून राहिल्या ना, ते मले समजून राहिलं." मी म्हटलं, "मी काय करते? पोरीला मराठी शिकवते." ती म्हणाली, "शिकवा, शिकवा." वहिनीला भाकऱ्या थापायचा किती कंटाळा होता, ते मला त्या दिवशी कळलं.

पहिली गोष्ट अशी मिळाली. दुसरी मिळायची काही लक्षणं नव्हती. दादा चिडचिडा झाला, बारीक झाला, पण पुस्तकांमागे मी आहे असं त्याच्या मनातही आलं नाही. ती कोंबडी मला लागली होती हेच त्याला माहीत नव्हतं, तर मी सूड घेतेय हे कुठून कळणार? हा विचार आला की मला नव्याने संताप यायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याचा एक जुना मित्र जेवायला आला. परसातल्या त्या जेवणाला जे हजर होते, त्यांतला हा एक. रविवार होता. ताटात पाटवड्यांचा रस्सा बघून मित्र म्हणाला, "अरे, कोंबडी कुठे आहे? रविवारी तुझ्या घरी पाटवड्या? ती तरी गोष्ट सांग बे, बहिणीवाली." दादाचा चेहरा उजळला. खायला नाही तर निदान सांगायला तरी कोंबडी मिळाली. नात त्याच्या मांडीवर होती. हीच गोष्ट त्याने आधीही तिच्या डोक्यावरून सांगितली असेल, पण तेव्हा तिला त्यातलं काही कळत नव्हतं. आता गोष्टीत खुराडं होतं, दाणे होते, अंडं होतं, लंगडी कोंबडी होती. तिच्याजवळचे सगळे शब्द त्यात होते. मी घास हातात धरून तिच्याकडे बघत बसले.

"आणि हिनं आपलीच कोंबडी दोनदा वाढून घेतली!" मित्र हसला. पोरगी मांडीवरून उतरली.

"आबा, आपने आत्याआजी की कोंबडी काटी?"

दादा गडबडला. "अरे नहीं बेटा. कहानी है."

"झूठमूठ की?"

"हाँ, झूठमूठ की."

एवढी वर्षं तिखटमीठ लावून सांगितलेली गोष्ट त्याने एका क्षणात खोटी करून टाकली. पोरगी माझ्याकडे वळली. "आत्याआजी, झूठमूठ की है?" दादा तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे चक्क विनवत होते. हो म्हण, एवढंच म्हण. मी पाणी प्यायले. मग म्हटलं, "आबांनाच विचार, बाळा. आबा तुझ्याशी खोटं बोलत नाहीत."

मित्राने पाटवडी मोडायला घेतली आणि तशीच ठेवली. दादाने नातीकडे बघितलं. "खरी आहे," तो म्हणाला. "सच की है."

पोरगी आत गेली आणि एक पुस्तक घेऊन आली. कोंबडीच्या दिवसभराचं ते पुस्तक, मी प्रदर्शनातून आणलेलं. तिने ते त्याच्या ताटाशेजारी उघडलं आणि चित्रावर बोट ठेवलं. "सॉरी बोलो."

दादाने आधी हसून बघितलं. ती हसली नाही. मग तो माणूस, ज्याने साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यात बायकोला कधी सॉरी म्हटलं नाही, तो चित्रातल्या कोंबडीसमोर वाकला आणि म्हणाला, "सॉरी." तिने पान उलटलं. कोंबडी दाणे टिपत होती. "सॉरी." कोंबडी कुंपणावर. "सॉरी." खुराड्यात अंड्यांवर बसलेली. "सॉरी." प्रत्येक पानाला त्याचा आवाज उतरत गेला. शेवटी शेवटी तो नातीची समजूत काढत नव्हता, खरंच म्हणत होता. बहीण आहे मी त्याची, मला त्याचा आवाज कळतो.

शेवटच्या पानावर कोंबडी नव्हती. दोन वेण्या घातलेली एक मुलगी खुराड्याचं दार लावून उभी होती. त्या चित्रावर दादाचं बोट आपणहून गेलं. ते तिथेच थांबलं. मग त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मस्करीने नाही, विनवणीने नाही. त्याला कळलं होतं. त्याचे ओठ उघडले होते, हे मी शपथेवर सांगते. शब्द दातांपर्यंत आला होता.

"इसको नहीं," पोरगी म्हणाली. "ये कोंबडी थोड़ी है." आणि तिने पुस्तक मिटलं.

दादाने बोट काढून घेतलं, घसा खाकरला आणि मित्राला म्हणाला, "भात घे ना बे." वहिनीने भाताचं भांडं पुढे केलं. पोरगी पुस्तक काखेत मारून खेळायला निघून गेली. मी निवडलेलं, मी आणलेलं, मीच तिला शब्द लावून वाचून दाखवलेलं पुस्तक. पाच वर्षांचीही नसेल ती, पण त्या क्षणी तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला मला. दादाचासुद्धा इतका राग मला कधी आला नव्हता.