रिव्हर्सकाकांची पिकअप

पाणीपुरवठा खात्यात सत्तावीस वर्षं ड्रायव्हर असलेल्या त्या माणसाला सगळं गाव रिव्हर्सकाका म्हणायचं. एकदा टेकडीवरच्या टाकीची मोठी पाइपलाइन फुटली, आणि ऐन चढावर खात्याच्या पिकअपचा पहिला गिअर गेला. मागे चार फिटर आणि सामानाचा ढीग. काकांनी गाडी वळवून घेतली आणि राहिलेला चढ रिव्हर्समध्ये चढवला. मान आठवडाभर आखडली, नाव मात्र कायमचं चिकटलं.

ती पिकअप त्यांनी तळहाताच्या फोडासारखी जपली. चिखलातून आली की खालून धुवायची, दर सोमवारी बिजागऱ्यांना तेल. गंज हा त्यांचा हाडवैरी. ते निवृत्त झाले तशी खात्याने गाडी लिलावात काढली, आणि मग तिचा पत्ताच लागला नाही.

पाच वर्षांनी सून म्हणाली, "बाबा, नव्या कॅफेबाहेर तुमच्या गाडीसारखी एक गाडी उभी आहे. पण तुम्ही बघायला जाऊ नका."

हे ऐकून काका घरात थांबणार थोडेच.

गाडी तीच होती. बॉनेट गायब, इंजिनाच्या जागी माती भरून फुलझाडं लावलेली. आकाशी रंग जागोजागी खरवडून पत्रा मुद्दाम गंजवलेला. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कॅफेचा मालक गोड बोलणारा होता. "काका, लूक आहे तो. मिठाचं पाणी मारून आणलाय. लोक फोटो काढतात."

"इंजिन कुठाय?"

"असेल मागे कुठेतरी."

"तुमच्या वडिलांचे दात पाडून त्यांना दारात बसवाल का, म्हातारे दिसावेत म्हणून?"

मालक हसला. ते हसणंच नडलं. काका दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसले ते कॅफे बंद होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. फोटो काढायला आलेल्या प्रत्येकाला ते गंजावर बोट ठेवून सांगत, "हा वयाचा नाही, हा केलेला आहे." तिसऱ्या दिवशी मालकाने हात टेकले.

"घेऊन जा बाबा तुमचं खटारं. मी भंगारातून दुसरं उचलतो."

एवढं मिळालं तरी काका धुसफुसतच घरी आले. दुसरं उचलतो म्हणे.

एका जुन्या फिटरने ट्रकला बांधून गाडी अंगणात आणून टाकली. कॅफेच्या मागच्या शेडमधून इंजिनही आलं, पार जाम झालेलं. काकांनी सिलिंडरमध्ये तेल ओतून ते पंधरा दिवस तसंच ठेवलं, मग लांब पान्याने केसभर केसभर फिरवत मोकळं केलं. उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग सुनेने बसून नव्याने ओढलं. काका सडलेला पत्रा कापून ठिगळं जोडत, आणि हातोड्याच्या प्रत्येक घावाला मालकाचा उद्धार होई.

"अहो, त्या माणसाला एव्हाना उचक्या लागून घास गिळेनासा झाला असेल," बायको म्हणाली. "गाडी मिळाली ना? आता तरी राग सोडा."

"गाडी नाही मिळाली. तिचं मढं मिळालं."

नऊ महिन्यांनी ते मढं धूर सोडत उठलं. चारही गिअर लोण्यासारखे पडले. सून टाळ्या वाजवत होती, बायकोने पदराने डोळे टिपले. काका मात्र डावीकडच्या दारापाशी उभे होते. मूळ दार मिठाने आतून खाऊन टाकलेलं, त्यात दिव्यांच्या माळेसाठी भोकं पाडलेली. ते वाचलंच नाही. दुसऱ्या गाडीचं बसवलं, ते दोन सूत बाहेर राही.

बायको त्या बाजूने चढून बसली. "चला, एक चक्कर मारून आणा."

काकांनी दार लावलं. लागलं नाही. दात-ओठ खात त्यांनी ते पुन्हा आपटलं, आणखी एकदा आपटलं.