कमांडर म्हात्रे

म्हात्रे हवालदार वर्षातून एकदा मिशी काढायचे आणि अतिरेकी व्हायचे. सागरी सुरक्षेच्या सरावात आमच्यातलेच काहीजण साध्या कपड्यांत होडीने येऊन किनाऱ्यावर घुसायचे. बाकीच्या पोलिसांनी आणि गावकऱ्यांनी त्यांना पकडायचं. या जिहादी टोळीचे कमांडर कायम म्हात्रेच. मी नवीन शिपाई म्हणून लागले, तीही त्यांच्याच टोळीत.

या कमांडरचं अख्खं चरित्र त्यांनी रचलं होतं. गणितात नापास, बायकोला घाबरणारा, वर मणक्याचा त्रास.

"मग एवढा मोठा कसा झाला?" मी विचारलं.

"अगं बाय, बरोबरचे सगले मेले, ह्यो मागं ऱ्हायला. पोरांना सोर्गाचा पत्ता देतंय, सोता कदी जात न्हाय. त्यालाच सीनियर म्हनतान."

दरवर्षी ते जिंकायचे. जेट्टीवर खोटा बॉम्ब ठेवायचा, टपरीवर चहा प्यायचा, परत यायचं. साहेब पाठ थोपटत, आणि म्हात्रे त्या दिवशी जेवत नसत. "मी जिकलो म्हंजे आपन सगले मेलो, कललं का?"

निवृत्तीच्या वर्षी आम्ही थळला उतरलो. आम्हाला होडीतच बसवून ते एकटे पुढे गेले. वाळूच्या कडेला नागूबाई मासे विकत होती. गिऱ्हाईक वाटावं म्हणून त्यांनी पापलेट उचललं आणि ती म्हणाली तो भाव मुकाट कबूल केला. तिथेच घात झाला.

"घासाघीस न्हाय करीत? कंच्या गावचा रं तू?" नागूबाईने कॉलरच धरली. बायका धावल्या. 'हवालदार आहे' एवढं म्हटलं असतं तरी सुटले असते. पण ते छाती काढून म्हणाले, "मी कमांडर!"

बायकांनी ओल्या जाळ्याने बदडून त्यांना वाळूत ओढून ठेवलेल्या एका होडीला बांधलं. साहेब पोचले तेव्हा ओठ फुटलेला आणि चेहरा लग्नघरातला. "साहेब, मेलो! पेढे मागवा!"

दुसऱ्या दिवशी नागूबाई ओशाळून चौकीत आली. "पाप झालं माज्या हातून."

"पाप कसलं? हात जड हाय तुजा. बाकीच्या गावांतल्या बायांनापन शिकव."

पुढच्या वर्षी कमांडर मी झाले. काशीदला उतरून, डोक्यावर ओढणी घेऊन पर्यटकांत मिसळले. चार पावलं गेले असेन, मागून कोणीतरी मनगट आवळलं. लुंगी-बनियनमधले निवृत्त म्हात्रे!

"अहो, मीच आहे! ओळखलं नाहीत का?"

"अतिरेक्यांशी मी बोलत न्हाय," ते म्हणाले, आणि "घावली! घावली!" असं भर किनाऱ्यावर ओरडत मला चौकीकडे ओढत घेऊन गेले.