फळ्यावरचे सात तास

“झोप किती?”

सकाळी सहाला ग्राउंडवर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला आमचे नवे कोच एवढंच विचारत. नमस्कार नाही, गुड मॉर्निंग नाही. पहिल्या दिवशी मलाही हेच विचारलं. मी म्हटलं, “मी फिजिओथेरपिस्ट आहे. मला खेळायचं नाहीये.”

“पोरांच्या पायावर हात तुमचाच चालणार न्हवं? मग सांगा की.”

मी साडेसहा तास सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्याकडे वळले. आपण किती झोपलो हे बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, असं तेव्हा मनात आलं. घरी सांगितलं नाही.

हडपसरमधला आमचा क्लब लहान. ग्राउंड महापालिकेचं, एका कडेला पत्र्याची शेड, आणि बावीस खेळाडू. कुणी कॉलेजात, कुणी नोकरीत. अध्यक्षांच्या पत्नीचा गुडघा मी बरा केला, त्याचं बक्षीस म्हणून या बावीस जणांचे पाय माझ्या गळ्यात पडले. आठवड्यातून तीन सकाळी ग्राउंड, मग नऊपासून माझं क्लिनिक.

आधीचा कोच पोरांना ओकेपर्यंत पळवायचा. अध्यक्ष त्याच्यावर खूश होते. ते मूळचे इथल्याच गावचे, आता बिल्डर. त्यांचं म्हणणं साधं होतं: “फुटबॉलमधलं आपल्याला काय कळत न्हाय, पण घाम दिसला पायजे.” घाम भरपूर दिसला आणि तिसऱ्या मॅचपर्यंत अर्धा संघ माझ्या टेबलावर आला. सलग दोन वर्षं हेच झालं. तेव्हा हे नवे कोच आणले. कोल्हापूरकडचे, एका शाळेत क्रीडाशिक्षक होते. ती नोकरी सोडून, इथे भाड्याची एक खोली घेऊन राहिले. लीगला सात आठवडे होते.

पहिल्या आठवड्यात त्यांनी बॉल शेडमधून बाहेरच काढला नाही. जोड्या करून पोरांना हळूहळू पळवलं, आणि पळताना काल काय जेवलो ते जोडीदाराला सांगायचं. ज्याला वाक्य पुरं करता येत नाही, त्याने वेग कमी करायचा. बावीस धडधाकट तरुण ग्राउंडला फेऱ्या मारतायत आणि शेवग्याच्या आमटीबद्दल बोलतायत, हे दृश्य तुम्ही पाहायला हवं होतं. एकजण तर पालकाच्या भाजीबद्दल तक्रार करता करता चार फेऱ्या पळाला.

अध्यक्ष गाडीतून उतरले आणि कंपाउंडपाशीच थांबले. “काय हो सर, ही काय ज्येष्ठ नागरिक संघाची मंडळी हाय का?”

“अजून न्हाईत. तशी होऊ नयेत म्हणूनच चाललंय.”

अध्यक्ष हसले, पण ते हसणं मला आवडलं नाही.

मग फळा आला. शाळेतला असतो तसा काळा, कुठून पैदा केला कोण जाणे. शेडच्या खांबाला टांगला, त्यावर बावीस नावं, आणि रोज सकाळी आल्या आल्या प्रत्येकाने आपल्या नावापुढे झोपेचे तास लिहायचे. सहा किंवा जास्त असतील तर पूर्ण सराव. कमी असतील तर त्या दिवशी पळणं बंद. कोचबरोबर कडेकडेने चालायचं आणि नुसतं पाहायचं.

“मॅडम, दम किती हाय ते मला दिसतंय. कोण लंगडतोय तेबी दिसतंय. झोप तेवढी दिसत न्हाई. ती त्यांनीच सांगाय पाहिजे.”

मला पद्धत पटली होती. थकलेल्या स्नायूवर भार टाकला की काय होतं, हे मी रोज पैसे घेऊन लोकांना समजावते. पण पुण्यात राहून मला एक गोष्ट त्यांच्यापेक्षा जास्त कळत होती. जिथे सगळ्यांसमोर आकडा लिहायचा असतो, तिथे माणूस आकडा सांभाळून लिहितो.

कडेने चालणाऱ्यांना पोरांनी लगेच नाव दिलं, ‘पेन्शनर गट’. त्यात अध्यक्ष सकाळी चक्कर टाकायचे आणि बरोबर त्यांच्याकडेच बोट दाखवायचे: “हा का पळत न्हाय? आजारी हाय का?” अध्यक्षांच्या तोंडी नाव बसलं की संघातून जायला वेळ लागत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दिवशी फळ्यावर चार, पाच, साडेतीन असे आकडे होते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वरपासून खालपर्यंत सात. एकाने साडेसात लिहिले होते, तो जरा हौशी.

कोच फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. “बघा की मॅडम. झोपाय लागली सगळी.”

त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी काही बोलले नाही. मनात म्हटलं, कळेल यांचं यांना. आपण पुणेकर दुसऱ्याला कळू देण्याच्या बाबतीत फार उदार असतो.

आमचा कप्तान बचावफळीत खेळायचा. उंच, शांत, सत्तावीस वर्षांचा. हिंजवडीत एका कंपनीत रात्रपाळीला होता. कंपनीची बस त्याला पहाटे हडपसरला सोडायची आणि तो तसाच ग्राउंडवर यायचा. घरी तीन महिन्यांचं बाळ. दुपारी झोप मिळायची ती तुकड्यातुकड्यांनी, तीन तास, कधी चार. फळ्यावर रोज सात.

हे मला त्याने माझ्या टेबलावर पालथं पडून सांगितलं. उजव्या पोटरीत गाठी होत्या, दाबलं की तो दात आवळून धरायचा. मी विचारलं, “झोपतोस कधी?” तेव्हा सगळं बाहेर आलं. एका सरकारी बँकेत खेळाडूंसाठी जागा निघणार होत्या. पूर्ण लीग खेळल्याचं क्लबचं पत्र लागणार होतं आणि वयाच्या अटीप्रमाणे त्याचं हे शेवटचं वर्ष. दिवसाची नोकरी मिळाली असती.

“मॅडम, सरांना सांगू नका प्लीज. पेन्शनर गटात गेलो ना, तर अध्यक्ष दुसरा कॅप्टन करतील. मग टीममध्येच राहत नाही मी.”

“आणि पोटरी?”

“तुम्ही आहात ना.”

मी होते. शेक दिला, ताण द्यायचे व्यायाम सांगितले, दोन दिवस विश्रांती घे म्हटलं. त्याने घेतली नाही. पेशंटने सांगितलेलं आमच्यापाशीच राहतं, हा आमच्या धंद्याचा नियम आहे आणि मी त्याच्याआड नीट उभी राहिले.

तिसऱ्या आठवड्यात कोचनी मला थांबवलं. सकाळचा सराव संपला होता, मी बॅग भरत होते आणि मला क्लिनिकला उशीर होत होता.

“कप्तानाची पोटरी कशी वाटतीय?”

“घट्ट आहे.”

“का बरं? मी तर भार वाढवलेला न्हाई. झोप नीट हाय न्हवं त्याची?”

मी बॅगेची चेन ओढली. “फळ्यावर लिहिलंय की.”

त्यांनी मान डोलावली. त्यांना ते उत्तर वाटलं. आमच्याकडे ते उत्तर नसतं, टोमणा असतो. मी गाडी काढली आणि निघाले. नियम मोडायची गरज नव्हती. ‘त्याला दोन दिवस चालवा’ एवढं सांगितलं असतं तरी त्या माणसाला पुरलं असतं. कोच चालवायला तयारच होते.

पाचव्या आठवड्यात सरावाची मॅच ठेवली. अध्यक्षांनी चार पाहुणे आणले होते. विसाव्या मिनिटाला कप्तान एका साध्या बॉलकडे झेपावला. काठी मोडावी तसा आवाज आला. तो खाली बसला, मागे वळून म्हणाला, “कुणी मारलं रे?”

मागे कुणी नव्हतं. सगळ्यात जवळचा खेळाडू दहा पावलांवर.

मी पोचले, त्याला पालथं केलं, पोटरी दाबली. चांगल्या पायाची पोटरी दाबली की पाऊल हलतं. हे हललं नाही. टाचेमागची जाड शीर, आम्ही अकिलीस टेंडन म्हणतो ती, पूर्ण तुटली होती. मी वर पाहिलं तर कोच माझ्या हाताकडे पाहत होते. हॉस्पिटलला जाताना तेच त्याच्याबरोबर गेले.

दुसऱ्या दिवशी क्लिनिक उघडायच्या आधी ते पायरीवर बसलेले होते. आत आले, पेशंटच्या स्टुलावर बसले.

“पोरानं सांगितलं मला सगळं. तुम्हाला ठाऊक होतं काय?”

“होतं.”

“किती दिवस?”

“तीन आठवडे.”

मी एक गोष्ट त्यांना सांगितली आणि इथेही सांगते: अशी शीर भरपूर झोपणाऱ्याचीही तुटते. झोपेमुळेच तुटली असं कुणी छातीठोक सांगू नये. ते ऐकून घेतल्यासारखे बसले. मग म्हणाले, “तसं असंल. खरं सांगितलं असतं तर मी त्याला चालवलं असतं. आणि त्याला तेच नको होतं. म्हणजे खोटं बोलाय मीच शिकवलं की.”

मी “नाही हो” म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण ते अर्धं बरोबर होतं आणि उरलेलं अर्धं माझ्याकडे होतं.

संध्याकाळी अध्यक्षांच्या बांधकामाच्या ऑफिसात मीटिंग झाली. समितीचे तिघं, कोच आणि वैद्यकीय बाजू सांगायला मी. अध्यक्षांचा निकाल तयार होता. “पंधरा दिवस नुसतं चालवलं पोरांना. पाय आळशी झाले, आन एकदम मॅचला उतरवले. तुटनार नाय तर काय?”

“तसं न्हाई,” कोच म्हणाले.

“मग कसं, सांगा की! तो झोपत नव्हता, आजारी होता, काय होतं? काही लपवलं आसंल त्यानं, तर तेबी सांगा. क्लबला फसवनाऱ्याला आपन पत्रबित्र देत नसतो.”

कप्तान आता लीग खेळणार नव्हता, पण संघाच्या यादीत नाव राहिलं तर मागच्या वर्षांच्या खेळावर तरी पत्र मिळालं असतं. तेवढाच धागा उरला होता. खोलीतल्या दोन माणसांना ते माहीत होतं.

“माझा अंदाज चुकला,” कोच म्हणाले.

“आन ह्या मॅडम? ह्यांना काय दिसलं न्हाय?”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

“मॅडमनी पोटरीचं सांगितलं होतं मला,” कोच माझ्या आधी म्हणाले. “विश्रांती द्या म्हणाल्या. मीच ऐकलं न्हाई.”

रोज सकाळी बावीस जणांना खरं सांगा म्हणणारा माणूस, मला वाचवायला माझ्यासमोर खोटं बोलला. आणि मी, जी दुकानदाराला दोन रुपयांवरून तोंडावर सुनावते, ती गप्प बसले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे मी सुटले. कोचना त्या महिन्यापुरतं राहा असंही कुणी म्हटलं नाही. सामान एका बॅगेत मावलं असं ऐकलं. निरोप घ्यायला ते आले नाहीत; मीही गेले नाही.

पत्र मिळालं. बँकेने मात्र या वर्षी खेळला नाही म्हणून अर्ज बाजूला ठेवला. कप्तान आता व्यवस्थित चालतो, जिना चढतो. हिंजवडीची रात्रपाळी चालू आहे. मला भेटतो, बाळाचे फोटो दाखवतो, त्या सकाळींबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही. नव्या कोचच्या हाताखाली पोरं पुन्हा ओकेपर्यंत पळतात आणि अध्यक्ष कंपाउंडपाशी समाधानाने उभे असतात.

गेल्या महिन्यात क्लिनिकमध्ये फोन आला. सांगलीकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. एका क्रीडाशिक्षकाचा अर्ज आलाय, आधीच्या कामाबद्दल विचारायला त्यांनी तुमचा नंबर दिलाय, म्हणाल्या. क्लबचा नाही, माझा. “मॅडम स्पष्ट सांगतील, असं ते म्हणाले.”

आतल्या टेबलावर एका आजींच्या खांद्याला मशीन लावलं होतं. मी दार ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं, जसं झालं तसं. पोटरी, चेन ओढताना मी काय म्हणाले ते, मीटिंग, सगळं. बाई शांतपणे ऐकत होत्या, मध्ये फक्त “हं” म्हणत होत्या.

शेवटी त्यांनी विचारलं, “मग हे तुम्ही तेव्हाच समितीला का नाही सांगितलंत?”

आत मशीनची वेळ संपली आणि ते वाजायला लागलं. आजी हाक मारत होत्या, “अहो ताई, झालं वाटतं हे!”