राखणदाराची बायको

वहिनी कवळ्या बनवायच्या. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतायचं, ते वाळलं की त्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायची आणि तिच्यात एकेक दात बसवायचा. मेण गार व्हायच्या आत दात सरळ करावा लागतो. त्यामुळे या कामात घाई चालत नाही आणि रेंगाळणंही चालत नाही. ओळखीचे लोक गमतीने विचारायचे, "वहिनी, तुम्ही कुणावर दात धरलात तर केवढा धराल?" वहिनी हसायच्या. तोवर त्यांनी कुणावर धरला नव्हता.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अबोल माणूस, पण रविवारी दुपारी तो वेगळाच व्हायचा. सायकलच्या दुकानामागे एक खोली होती. रबराचा आणि पंक्चरच्या सोल्यूशनचा वास, भिंतीला टांगलेली चाकं, मध्ये जुन्या दरवाज्याचं केलेलं टेबल. तिथे तो आणि त्याचे दोस्त वर्षानुवर्षं एकच गोष्ट खेळत होते. सायकलवाला सूत्रधार. तो गोष्ट पुढे न्यायचा आणि बाकीचे आपापलं पात्र घेऊन तिच्यात शिरायचे. पात्र काय करणार ते खेळणारा ठरवी, जमलं की नाही ते फासे ठरवत. नवऱ्याचं पात्र म्हणजे पुलाचा राखणदार, हातात लोखंडी वल्हं घेतलेला धिप्पाड गडी. गाडी शिकवणारे मास्तर हा त्याचा जिवलग मित्र. त्यांचं पात्र रुपेरी सरदार, चकचकीत चिलखतातला. तिसरी होती शिंपीणबाई. तिचं पात्र बाण मारायचं आणि सारखं कुरकुरायचं, तीही तशीच होती. राखराणी नावाची एक दुष्ट राणी होती आणि तिचा किल्ला घ्यायचा होता. वहिनींना एवढंच माहीत होतं. त्यापलीकडे त्यांनी कधी विचारलं नाही. नवरा संध्याकाळी खुशीत घरी येतो, एवढं त्यांना पुरे होतं.

मग नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. वहिनी कामावरून थेट इस्पितळात जायच्या. तिथेच एका दुपारी मास्तर भेटायला आले. बरोबर बिस्किटांचा पुडा होता आणि चेहरा उत्साही होता. आजाऱ्याला हसवावं एवढाच त्यांचा हेतू असावा. कॉटजवळ उभं राहून ते म्हणाले, "दोस्ता, तुझा राखणदार शेवटी कामी आला बरं का. राखराणीला दिला आम्ही. तिने वाट मोकळी केली आणि मला चांदीची ढाल दिली. नाहीतरी तू आता थोडाच येणार."

वहिनी थर्मासचं झाकण लावत होत्या. त्यांना त्यातलं ढाल, राणी काही कळलं नाही. पण नवऱ्याच्या डाव्या हाताने चादर मुठीत धरली आणि मास्तर जिना उतरून गेले तरी ती सुटली नाही. वहिनींनी एकेक बोट उलगडून सोडवली.

नवरा इस्पितळातून घरी आल्यावर एकदा शिंपीणबाई आली. नवऱ्याला एका हाताने घालता येतील असे सदरे शिवायचे होते. टेप गळ्यात अडकवून तिने सगळं सांगितलं. नवरा येत नव्हता म्हणून सूत्रधाराने गोष्टीत राखणदाराला ताप आणला होता आणि गाडीत झोपवलं होतं. खिंडीत राणीची माणसं आडवी आली. सरदाराने झोपलेल्या राखणदाराचे हात बांधले आणि त्याला त्यांच्या हवाली केलं. राणीने त्याला किल्ल्याखालच्या दगडी विहिरीत टाकलं.

"केसाने गळा कापला," शिंपीणबाई म्हणाली. "मी म्हटलं होतं, थांबा जरा. पण सायकलवाला म्हणतो, पात्र काय करणार ते खेळणारा ठरवतो."

"हा खेळ मलाही खेळता येईल का?" वहिनींनी विचारलं.

सायकलवाल्याला आधी ती थट्टा वाटली. मग वहिनींचा चेहरा बघून त्याने हातातला पाना खाली ठेवला. "एक जागा रिकामी आहेच. पण वहिनी, चालू गोष्टीत नवं पात्र असं आभाळातून पडत नाही. ते कुठून आलं, त्याला काय हवंय आणि बाकीच्यांनी त्याला बरोबर का न्यावं, एवढं सांगता यायला हवं."

वहिनी आठवडाभर दात बसवता बसवता विचार करत होत्या. मग कामावरून परतताना दुकानात गेल्या. "चिलखतं सांधणारी बाई. रस्त्यात भेटेल. राणीच्या सैन्याने तिचं दुकान जाळलं. तुमच्या सरदाराला चमकायची हौस आहे, तो तिला नक्की बरोबर घेईल."

"छान आहे. आणि तिला हवंय काय?"

"ते फक्त तुम्हाला सांगते. ती राखणदाराची बायको आहे."

सायकलवाल्याने कपाळ खाजवलं. मग म्हणाला, "राखणदाराला बायको आहे हे त्याने कधी सांगितलं नाही."

"घरचं माणूस आहे. त्यात सांगायचं काय?"

ठरल्याप्रमाणे झालं. पहिल्याच रविवारी सरदाराने चिलखतवालीला बघितलं, खांद्यावरचा पोचा दाखवला आणि तिला गाडीत जागा दिली. मास्तरांना वहिनींचं कौतुक वाटलं. घरात एवढा त्रास असून बाई विरंगुळा शोधते, असं ते म्हणाले. त्यांनी वहिनींना फासे कसे वाचायचे ते शिकवलं. वहिनी चुकल्या तर ते न कंटाळता पुन्हा सांगायचे. चहा आला की पहिला कप त्यांच्यापुढे सरकवायचे. माणूस वाईट नव्हता, आणि हेच वहिनींना जास्त झोंबायचं. वाईट असता तर त्यांनी एकदा शिव्या दिल्या असत्या आणि विषय संपला असता. पण याने ते हसत हसत केलं होतं, आणि केल्याचं त्याच्या खिजगणतीतही नव्हतं.

दर रविवारी वहिनींचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "मी सरदारांचं चिलखत घासते." सगळे हसायचे. शिंपीणबाई म्हणायची, "माझ्या धनुष्यालाही कधी हात लावा की." वहिनी लावायच्या नाहीत.

घरी नवऱ्याला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तो रागावला, तोंड फिरवून बसला. पण पुढच्या रविवारी वहिनी आल्या तेव्हा त्याने खुर्ची दाराकडे वळवून घेतलेली होती. त्याची वाचा हळूहळू परतत होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाई येऊन त्याच्याकडून शब्द म्हणवून घ्यायच्या, आणि तो कंटाळायचा. वहिनींची गोष्ट ऐकताना मात्र तो स्वतःहून तोंड उघडायचा. एकदा त्याला जेवू घालताना वहिनींनी बेत सांगितला. किल्ला जवळ आला होता. चिलखताचे पट्टे ज्या खिळ्यांवर असतात, त्यांतले दोन काढून त्या जागी मेणाचे बसवायचे. वरून रुपेरी रंग. राखराणी म्हणजे नुसती धग. तिच्यासमोर उभं राहिलं की मेण वितळणारच.

नवऱ्याने घास गिळला. डावा हात वर केला. "स... सगळे," तो म्हणाला.

वहिनींनी त्याचं तोंड पुसलं. "बरं. सगळे."

त्या सूत्रधाराला गाठायला गेल्या तेव्हा तो चाक फिरवून आरे तपासत होता. ऐकून त्याने चाक थांबवलं. "वहिनी, हे बरं दिसत नाही. मास्तरांनी त्या सरदारात जीव ओतलाय."

"राखणदारात कुणी ओतला नव्हता का?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग माझं कुठल्या नियमात बसत नाही तेवढं सांगा."

त्याने चाक पुन्हा फिरवलं. नियम त्यानेच एकदा सगळ्यांना ऐकवला होता.

किल्ल्याच्या दाराशी पोचायचा रविवार आला. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सरदाराने राणीला एकट्याने लढायचं आव्हान दिलं. शिंपीणबाईने बाण लावून ठेवला. मास्तरांनी फासे टाकले आणि दान इतकं चांगलं पडलं की ते उभेच राहिले. सूत्रधाराने फाशांकडे बघितलं, मग वहिनींकडे. घसा साफ करून तो म्हणाला, "सरदार धावत सुटतो. राणी हात वर करते. तिची धग लागते. आणि चिलखताचे पट्टे सुटतात. छातीचं सुटतं, खांद्याचं सुटतं, सगळं खाली पडतं. सरदार सदऱ्यावर उभा आहे."

"सुटतील कसे?" मास्तर म्हणाले. "मागच्याच रविवारी वहिनींनी खिळे बदललेत."

"मेणाचे बसवले," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांना ती गंमत वाटली. ते हसून बाकीच्यांकडे बघू लागले. कुणीच हसत नव्हतं.

वहिनी सूत्रधाराकडे वळल्या. "मी पुढे जाते. राणीला सांगते, तुझ्या विहिरीत माझा नवरा आहे. तो मला दे आणि त्याच्या जागी हा ठेव. दोरी मी आणली आहे. हात मीच बांधते."

"वहिनी," मास्तर म्हणाले, "अहो, खेळ आहे हा."

"हो ना, भाऊजी. तुम्हीही खेळच खेळलात. ते कॉटवर पडून ऐकत होते."

मास्तर खाली बसले. हातातले फासे त्यांनी टेबलावर ठेवले. राणीने सौदा मानला. राखणदार विहिरीतून वर आला, सरदार खाली गेला. मास्तरांनी आपली पिशवी उचलली, शर्टाची बाही झटकली आणि ते निघून गेले.

नवऱ्याने घरी एकच विचारलं. "र... रडला?"

"रडले नाहीत. पण रंग उडाला तोंडाचा."

तो अर्ध्या तोंडाने हसला. आजारपणानंतर वहिनींनी त्याला हसताना बघितलं ते पहिल्यांदाच. त्यांना वाटलं होतं, सगळं झाल्यावर मन हलकं होईल. हलकं काही झालं नाही. गरम चहा पोटात गेल्यासारखं बरं मात्र वाटलं, आणि त्यांनी ते स्वतःपासून लपवलं नाही.

पुढचे काही रविवार मास्तर फिरकले नाहीत. मग एका दुपारी दारात उभे. हात रिकामे. वहिनींनी आत या म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. ते आपणच आत आले आणि नवऱ्यासमोर स्टुलावर बसले.

"मला वाटलं, तू बरा होणार नाहीस," ते म्हणाले. "म्हणजे मी तसं धरूनच चाललो. तुझी जागा रिकामी बघवत नव्हती, म्हणून तिचा निकाल लावून टाकला. चुकलो मी. माफ कर."

नवऱ्याने मान वर केली. ओठ हलले, शब्द अडला, पुन्हा जुळला. मास्तर पुढे झुकून वाट बघत होते.

"ना... नाही," नवरा म्हणाला.

मास्तरांनी मान खाली घातली. वहिनींना वाटलं, आता उठतील. पण नवऱ्याचं बोलणं संपलं नव्हतं. "न... नवं घे. पात्र."

"कुठलं घेऊ?"

"माझा... ह... हमाल."

वहिनींना हसू आवरेना. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.

रविवारी नवऱ्याला चाकाच्या खुर्चीतून दुकानामागच्या खोलीत आणलं. उंबऱ्यावरून खुर्ची मास्तरांनी आणि सायकलवाल्याने उचलली. नवं पात्र गोष्टीत घ्यायचं तर रीत पाळायला हवी, म्हणून सूत्रधाराने मास्तरांना विचारलं, "हा कुठून आला? त्याला काय हवंय? राखणदाराने त्याला बरोबर का न्यावं?"

मास्तर म्हणाले, "पळून गेलेला शिपाई आहे. त्याला काही नको. वल्हं जड आहे, ते वाहील."

नवरा त्यांना नीट न्याहाळून म्हणाला, "पु... पुढे चाल."

तेव्हापासून गोष्ट फार हळू चालते. नवऱ्याचा एकेक शब्द पुरा होईपर्यंत टेबलाभोवतीचे सगळे थांबतात, मास्तर सगळ्यांत जास्त. हमालाला रोज उपाशी झोपावं लागतं आणि दर दुसऱ्या रविवारी वल्हं घासावं लागतं. किल्ला घेतला, राणी पळाली. विहीर मात्र कुणी उघडली नाही. शिंपीणबाईने एकदा विषय काढलाच. "त्या बिचाऱ्या सरदाराला आता वर काढायला काय हरकत आहे? झालं ते झालं."

वहिनींनी फासे तिच्यापुढे सरकवले. "काढा की. फासे टाका. मी विहिरीच्या तोंडाशी उभी आहे."

शिंपीणबाईने मास्तरांकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "राहू दे," आणि चहा आणायला उठले.